मासळीच्या खोक्यावरच्या सह्या

मला जवळ घ्याल तर नाक मुरडाल, मित्रांनो, पण मला त्याचे वाईट वाटत नाही. मी मासळीचा जुना लाकडी खोका आहे. टोकियोतल्या एका गल्लीत, सुमिएबाईंच्या दुकानात माझे आयुष्य गेले. रोज सकाळी बर्फ आणि बांगडे पोटात घेऊन मी बाजारातून येई. "असा दणकट खोका पुन्हा मिळायचा नाही," असे त्यांचे यजमान तोराकिची कौतुकाने म्हणत.

हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब पडून आठ वर्षे उलटली होती. तेव्हा दूरच्या समुद्रात त्याहून मोठ्या बाँबची चाचणी झाली आणि आमच्या देशाच्या एका मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. खलाशी आजारी पडले. मासळीत विष आहे, अशी भीती घरोघर पसरली. दुकानाकडे कोणी फिरकेना. मी कोरडा पडलो.

एके दिवशी सुमिएबाईंनी मला घासूनपुसून दारात पालथे घातले आणि वर कागद ठेवला. 'अणुबाँब नकोत' एवढेच त्यावर लिहिले होते. खाली सह्यांसाठी जागा होती.

शेजारचे मोहेइकाका टोफू, म्हणजे पाण्यात ठेवलेले सोयाबीनचे पनीर, विकत. ते हसले. "मासळी खपेना, म्हणून राजकारण विकायला काढलंस होय?"

"मासळी खपावी म्हणूनच करतेय, काका. त्यात लपवायचं काय? उद्या ती राख पावसातून तुमच्या विहिरीत उतरली, तर टोफू कशात ठेवाल?"

"जिभेला धार आहे हो बाईच्या. पण तुझ्या धंद्यासाठी मी माझा सहीचा शिक्का झिजवायचा नाही."

गल्लीने काकांचेच ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सह्यांची जागा कोरीच होती.

"आवर आता," तोराकिची म्हणाले. "हसतात लोक."

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या इतोए आल्या. त्यांचे गाव कोणते, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी कागद सावकाश वाचला.

"वहिनी, पत्ता इथला लिहू की गावचा?"

"इथला चालेल की. गाव कुठलं तुमचं?"

"हिरोशिमा." इतोएंनी गळ्याचा रुमाल सोडला. भाजल्याची खूण हनुवटीपर्यंत गेली होती. "कळलं तर बाँबचा आजार लागेल या भीतीनं लोक शिवायला कपडे देणार नाहीत, म्हणून बोलले नाही कधी. तुमचं तर दुकानच बसायला आलंय, तरी तुम्ही उघड दारात बसलात."

त्यांनी नाव लिहिले आणि शिक्का उमटवला. त्याचा दाब माझ्या फळीला जाणवला.

मोहेइकाका सारे ऐकत होते. ते घरात गेले आणि स्वतःचा शिक्का घेऊन आले. सही झाल्यावर ते इतोएंकडे न बघता म्हणाले, "माझा कामाचा कोट उसवलाय. उद्या आणून देतो. घाई नाही."

मग सारी गल्ली आली. गावोगावचे असे कागद एकत्र झाले आणि सह्या कोटींवर गेल्या. पुढे देशांनी चाचण्यांना आळा घालणारे करारही केले आणि नंतर बाँबची संख्याही घटवली. बाँब अजून संपलेले नाहीत, पण ते कमी करता येतात, हे मी पाहिले आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, कधीतरी चुलीत जाईन. पण कोणी एकटेच कागद घेऊन दारात बसलेले दिसले, तर थांबा, तो वाचा. आणि पटला, तर पहिल्याच दिवशी सही करा.