माझ्यातून काढलेल्या चिठ्ठ्या

मी वचनपेटी बोलतेय. आणि आधीच सांगून ठेवते, रागात बोलतेय. सतरा वर्षं झाकण मिटून गप्प बसले, आता नाही बसवत.

ज्यांच्या घरी माझ्यासारखी पेटी नाही त्यांना थोडं सांगायला हवं. ख्रिस्ती घरांत देवाची वचनं लहान लहान चिठ्ठ्यांवर लिहून, गुंडाळ्या करून पेटीत ठेवतात. कुणी आजारी पडलं, कुणी परगावी निघालं, नवं वर्ष लागलं, की डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक चिठ्ठी काढायची. ती वाचायची, दिवसभर मनात घोळवायची, संध्याकाळी परत आत टाकायची. झालं माझं काम. धीर द्यायचा. भविष्य सांगायला मी काय पोपटवाल्याचा पोपट आहे? पण आमच्या घरात हे ऐकतं कोण!

माझा जन्म पिंपळगाव राजा या गावचा, अन्वर मिस्त्रींच्या हातचा. चर्चमधल्या एका बाकाचा पाय वाळवीनं खाल्ला होता, त्याचं उरलेलं सागवान आमच्या घरच्या सुवार्ताच्या वडिलांनी मिस्त्रींकडे नेऊन दिलं. लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून. मिस्त्रींनी मला मन लावून घडवलं, झाकणावर क्रूस कोरला आणि विचारलं, "सीधा है ना?" सगळे म्हणाले, हाव, सीधा है. नाही, तो जरासा डावीकडे कललाय. पण कुणी बोललं नाही आणि मलाही तो तसाच आवडतो.

माझ्या आतल्या चिठ्ठ्या मात्र वयानं माझ्याहून मोठ्या. त्या सुवार्तानं लग्नाच्या दोन वर्षं आधी, एका उन्हाळ्यात घराबाहेर पाऊल न टाकता लिहिल्या होत्या. मोजून एकशे वीस. पाठीमागे चौकटी असलेला कागद, निळी शाई, प्रत्येक गुंडाळीला लोकरीचा दोरा. त्यांत आनंदाची वचनं होती तशी दुःखाचीही होती. अंधाऱ्या दऱ्या होत्या, रडण्याच्या रात्री होत्या, पूर होते, आग होती. जन्मभराच्या सगळ्या दिवसांना पुरेल असा माल होता माझ्यात.

मग आले हिंमतराव. म्हणजे सुवार्ताचा नवरा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, हातात विजेची तार धरायला भीत नाही, पण पोरीला शिंक आली की याच्या पोटात गोळा. नाव कुणी ठेवलं देव जाणे.

त्यांची एकुलती एक लेक एस्तेर. घरात सगळे छकुली म्हणतात. ती पहिलीत जाणार होती त्या वर्षीपासून घरात एक रीत पडली. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जून संपता संपता. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी खामगावच्या चर्चमध्ये पोरं आपापली दप्तरं घेऊन पुढे उभी राहतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. घरी आल्यावर छकुलीनं माझ्यातून एक चिठ्ठी काढायची. ते तिचं वर्षाचं वचन.

पहिल्याच वर्षी तिच्या हाताला अंधाऱ्या दरीची चिठ्ठी लागली. चांगली चिठ्ठी! दरीतून जातानाही देव सोबत असतो, असं होतं त्यात. पण दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेच्या पायरीवरून पडली आणि हात मोडून घेतला. पहिलीतली पोरं पडतात, हातपाय मोडून घेतात, त्यात नवल ते काय? पण हिंमतरावांच्या डोक्यात बसलं ते बसलं. दरीची चिठ्ठी निघाली म्हणून पोरगी पडली.

सुवार्ता सरकारी दवाखान्याची आशा सेविका; त्या आठवड्यात ती आशाताईंच्या मीटिंगला गेली असताना त्यानं मला फ्रिजवरून खाली काढलं. एकेक गुंडाळी उलगडली. दरी दिसली, बाजूला. अश्रू दिसले, बाजूला. संकट, छळ, पूर, वणवा, सगळं बाजूला. मी आतल्या आत ओरडत होते, अरे बाबा, औषधाच्या डब्यातून औषधच काढून टाकतोस का? पण मला तोंड कुठे! त्रेपन्न चिठ्ठ्या त्यानं चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि आपल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवल्या. फेकल्या नाहीत हं. देवाचं वचन कसं फेकायचं? भीती तिथंही होतीच.

राहिल्या सदुसष्ट. सगळ्या गोड. आशीर्वाद, विजय, मुकुट, भरलेली कोठारं. आठ वर्षं छकुली माझ्यातून पेढे काढत राहिली आणि बाप दारात उभा राहून खूश होत राहिला.

एवढ्यावर थांबला असता तरी मी गप्प बसले असते. पण गेल्या वर्षी, ती नववीत जाणार म्हणून, गड्यानं कमालच केली. देव तुला पुढे ठेवील, मागे राहू देणार नाही, अशा अर्थाची चिठ्ठी त्यानं आदल्या दिवशी शोधून काढली आणि अगदी वर, बोटाला लागेल अशी उभी करून ठेवली. छकुलीनं डोळे मिटून हात घातला आणि तीच काढली. दुसरी कुठून निघणार?

"पाह्यलं का?" हिंमतराव नाचायचा बाकी होता. "पुढं ठेवतो म्हणते देव! पहिला नंबर पक्का!"

पुढच्या रविवारी त्यानं चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. पोरीला वचन मिळालंय, यंदा पहिला नंबर. सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं म्हणे. स्वतःच ठेवलेल्या चिठ्ठीवर माणूस स्वतःच विश्वास ठेवतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे डोळे मला नाहीत, पण पाहिलं.

आणि छकुली? तिनं ती चिठ्ठी गणिताच्या वहीच्या कव्हरमध्ये घातली आणि वही मिटून ठेवली. देवानं सांगितलंच आहे तर घाई कशाला! सुवार्ता ओरडायची, "अवं, पुस्तक घे ना हाती." हिला वचन होतं ना. मी फ्रिजवरून बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. हिवाळ्यात तिला गणित कळेनासं झालं, मग विज्ञानही. लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी चिठ्ठीला हात लावून जायची.

निकाल लागला. नववी नापास. दोन विषय. छकुलीनं कव्हरमधली चिठ्ठी काढून परत माझ्यात कोंबली.

त्या दिवसापासून छकुलीनं जेवणाआधीची प्रार्थना बंद केली. बाप डोळे मिटायचा, आई मिटायची, ही ताटाकडे टक लावून बसायची. उन्हाळाभर चर्चला गेली नाही. अलफिया, तिची पहिलीपासूनची मैत्रीण, दहावीत गेली. आता त्याच शाळेत, त्याच वर्गात, एक वर्ष लहान पोरांच्या मध्ये हिनं परत बसायचं. शाळा सोडते, असं ती मे महिन्यात दोनदा म्हणाली होती. हिंमतरावांनी दोन्ही वेळा विषय बदलला.

शेवटी या वर्षीचा तो रविवार आला. आईबाप दोघंच चर्चला जाऊन आले. दुपारी जेवणं झाल्यावर हिंमतरावांनी मला खाली काढलं, फडक्यानं पुसलं.

"छकुले, ये. एक काढ."

"मी नाही काढत."

"असं नको करू वं. उद्या शाळा हाय."

"मी शाळेतही नाही जात." ती उठली आणि तिनं मला हातात घेतलं. "हे पेटी खोटारडी हाय, पप्पा. आणि मले सांगा, देव तरी कोणता खरा हाय?"

असं म्हणून तिनं मला उलटं केलं. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या. खोटारडी! मला! मी एका शब्दानं खोटं बोलले नव्हते, पण तेव्हा काय सांगणार? रिकामं पोट घेऊन पडून राहिले.

सुवार्ता खाली बसली आणि चिठ्ठ्या गोळा करू लागली. आशाताईंना मोजायची सवय असते, लसी मोजा, गोळ्या मोजा. तिची बोटं आपोआप मोजत गेली. थांबली. परत मोजल्या.

"ह्या सदुसष्टच भरतात. म्या तं एकशे वीस लिहिल्या होत्या."

"पडल्या असतीन कुठी," हिंमतराव म्हणाला.

"त्रेपन्न चिठ्ठ्या पडतात का हो कुठी?" तिनं चार-पाच उलगडून पाहिल्या. आणखी चार-पाच. मग नवऱ्याकडे पाहिलं. "दरीवाली कुठं हाय? रडण्याची? एकही नाही यात. अहो, काय केलं तुमी?"

हिंमतरावाचा चेहरा उतरला. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. पायरी, मोडलेला हात, चहापत्तीचा डबा. आणि मग, कुणी विचारलं नसताना, गेल्या वर्षीचंही. "ते पुढं ठेवण्याची चिठ्ठी म्याच वर ठेवेल होती. मले वाटलं, पोरीले हुरूप येईन."

वाटलं, आता ही पोरगी मला भिंतीवर आपटते की काय.

"म्हणजे ते देवानं नाही देल्ली?" छकुलीचा आवाज फाटला. "तुमी देल्ली? पप्पा, मले दीड महिना वाटून राह्यलं का देवानंच मले फसवलं! मी त्याच्याशी बोलणं सोडलं. आणि काऊन? तुमी भेत होते म्हणून?"

आणि ती रडली. निकालाच्या दिवशी रडली नव्हती तेवढी रडली. हिंमतरावाचे हात नुसते हवेत हलत होते. मग तो चपला घालून निघून गेला. मला वाटलं, पळाला. पण पाव तासात परत आला, काखेत चहापत्तीचा डबा. पोरीच्या समोर जमिनीवर बसला.

"चुकलं माह्यं, बाप्पा. मले वाटलं, वाईट शब्द तुह्या हाती नाही आला तं वाईट दिवसही नाही येणार." त्यानं डबा पुढे सरकवला आणि हात मागे घेतले, पाठीमागे बांधूनच टाकले. "मी हात नाही लावत."

छकुलीनं नाक पुसलं आणि डब्यात हात घातला. डोळे मिटले की नाही, मला दिसलं नाही. एक गुंडाळी काढली. दोरा इतका जुना की हातातच तुटला.

तिनं वाचलं. खोल पाण्यातून, पुरातून, आगीतून जाण्याचं वचन होतं ते. हिंमतरावानं ऐकताच डोळे गच्च मिटले.

"यात पास करतो असं नाही लिहेल," छकुली म्हणाली.

"नाही," सुवार्ता म्हणाली.

"पाणी येणारच नाही, असंही नाही लिहेल."

"नाही. तू जाशीन तवा मी तुह्यासंगं हाय, एवढंच."

"मग काय कामाचं?"

सुवार्तानं चिठ्ठी उलटी करून पाठीमागच्या चौकटी तिला दाखवल्या. "हा कागद कायचा हाय, माहीत हाय? माह्या गणिताच्या वहीचा. मी बारावीत नापास झाली तवा फाडली. उन्हाळाभर घराबाहेर नाही निघाली. शेजारीण आली का मी आतल्या खोलीत. तवा बसून ह्या लिहिल्या. पास नाही झाली मी लिहून. पण जूनमध्ये उठून परत कॉलेजात गेली. एकटी गेली, असं नाही वाटलं मले."

"मले कधी सांगतलं काऊन नाही?"

सुवार्ता तुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली. मी म्हणते, विचारलं ते बरंच केलं. या घरात एकानं चिठ्ठ्या लपवल्या, दुसरीनं नापास होणं लपवलं, आणि खोटारडी मात्र मी ठरले!

सोमवारी सकाळी अलफिया दारात आली. "चल ना यार, आठवी-नववीवाले सब तेरे को घाबरतील, देख." छकुली हसली नाही, पण दप्तर उचललं. चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली. उंबऱ्यावर क्षणभर थांबून तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवले. काय बोलली ते मी नाही सांगणार, ते माझ्यासाठी नव्हतं. हिंमतराव तेव्हा पायात बूट घालत होता, तोच धरून बसून राहिला.

संध्याकाळी ती आली तेव्हा चेहरा लाल होता. "मागच्या बाकावर बसली. एका पोट्ट्यानं मले ताई म्हटलं. सगळे हसले." दप्तर टाकलं. "गणिताच्या सरांनी पहिलाच धडा घेतला. तो मले येते."

सुवार्तानं माझं झाकण उघडलं. "आण, चिठ्ठी ठेवून देऊ."

"नाही," छकुली म्हणाली. "उद्याही शाळा हाय."

आता मी परत फ्रिजवर आहे. कडू-गोड सगळं, उलगडून सैल वळलेलं, परत भरून घेतल्यामुळे झाकण नीट लागत नाही, बोटभर उघडंच राहतं. हिंमतराव रोज बघतो, दाबायला हात पुढे करतो आणि मागे घेतो. माझा राग अजून पुरता गेलेला नाही. माझ्यासारख्या पेट्या ज्यांच्या घरी असतील त्यांना हात जोडून सांगते, पोरांच्या मायेपोटी आमच्यातलं एकही वचन बाजूला काढू नका. ज्या दिवशी ते लागतं, त्या दिवशी गोड चिठ्ठ्या कामाला येत नाहीत.

आज माझ्यात एकशे एकोणीस चिठ्ठ्या आहेत. एक शाळेत गेली आहे.