सुई मला, उत्तर सासूचं

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या कोरीट गावात कुणालाही विचारा. पण लग्न होऊन आले तेव्हा ते तोंड पदराआड होतं. सासरे, थोरले दीर, परका पुरुष, कुणासमोरही सुनेनं शब्द काढायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. विचारलं सुनेला, तरी उत्तर सासूनं द्यायचं. माझी सासू नर्मदाबाई मोठी मायाळू, त्यामुळे उत्तरंही ती मायेनंच द्यायची. त्या मायेपायी मी मरता मरता वाचले.

झालं असं, की धान्य साठवायचं जमिनीतलं पेव उघडलं की आतल्या ज्वारीचा बुरा उडायचा आणि माझा दम कोंडायचा. ओला कडबा हलवला तरी तेच. भगत झाला, काढे झाले. शेवटी थोरल्या दिरांनी, इंद्रसिंगांनी, फर्मान काढलं, की हिला म्हसावदला माहेरी पाठवा, शेतकऱ्याच्या घरात अशा सुनेचं काय काम? माझा नवरा छगन खाली मान घालून बसला. असा राग आला मला त्याचा! पण सांगते कुणाला?

सासूनं मात्र ऐकलं नाही. नंदुरबारला बन्सीलाल डॉक्टर मुंबईहून शिकून आले होते. तिनं मला गाडीत घातलं आणि त्यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी आमच्याच पेवातली बुरसटलेली ज्वारी मागवली, तिच्यावरचा बुरा बाटलीत वाढवला, गाळून त्याचं औषध केलं. ज्या बुऱ्यानं दम कोंडतो, त्याचाच एवढासा अंश सुईनं अंगात घालायचा, दर खेपेला किंचित वाढवायचा, म्हणजे अंगाला त्याची सवय होते, असं ते म्हणाले. सासूनं हातच जोडले. "तुम्ही तर देव शेतस," म्हणाली.

मग दर बाजाराच्या दिवशी सुई. एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या. सुई भरण्याआधी डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायचे, "मागच्या सुईनं हात सुजला का? खाज, दम?"

मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणायची, "नही, काहीच नही. झकास शे पोर."

झकास! हात कोपरापर्यंत पुरीसारखा टम्म फुगायचा, आणि सासू स्वतःच त्यावर हळद लावत बसायची. पुढच्या बाजारापर्यंत सूज उतरलेली असे, म्हणून डॉक्टरांना काही दिसत नसे. तिला वाटे, तक्रार केली तर डॉक्टर औषध बंद करतील, मग सून गेलीच माहेरी. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाच्या औषधाला नावं कशी ठेवायची? मी पदराआड दातओठ खात बाही वर करायची.

डॉक्टर तिच्या शब्दावर औषध वाढवत गेले. एका बाजाराला सुई घेऊन दाराबाहेर पाय टाकला, तोच तळहात खाजायला लागले, ओठ जाड झाले, घसा आवळला. पुढचं धड आठवत नाही. डॉक्टरांनी धावत येऊन दुसरी कसली तरी सुई टोचली. छाती धडधडायला लागली, पण श्वास आला. डोळे उघडले तर सासू माझे पाय धरून रडत होती.

डॉक्टर घामाघूम होऊन बाकावर बसले. "नर्मदाबाई, हे औषध मी आता हिला देणार नाही. हात कधी सुजला नाही आणि एकदम हे! मला उमगत नाही. आज पोर गेली असती."

बाजाराला आलेले सासरे आणि थोरले दीर गलका ऐकून दारात उभे होते. दीर म्हणाले, "चला, मिटनं. सकाय म्हसावदले पोचाडी देसूत."

तिथे माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर पदर मागे सारला आणि उठून बसले.

"डागदरसाहेब, हात सुजे! दर सुईले सुजे, कोपरपावत! मन्हं कोणी आयकंच नही!"

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. "आवं, मंग आधी काबर सांगं नही तू?"

"तुम्ही बोलू दिधं का?"

बोलले खरी, पण मलाच भरून आलं, कारण माझ्यासाठी घरादाराशी भांडलेली ती एकटीच होती.

डॉक्टर म्हणाले, "चूक माझी. विचारत हिला होतो, ऐकत तुमचं होतो." त्यांनी औषध बंद केलं नाही. सगळ्यात पातळ बाटलीपासून पुन्हा सुरुवात करायची. हात सुजला तर औषध वाढवायचं नाही. सुई घेतल्यावर घटकाभर दवाखान्यातच बसायचं. आणि उत्तर जिचं तिनं द्यायचं. दीर कुरकुरले. सासरे एवढंच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तसं करा."

पातळ औषधाच्या पहिल्या सुईनंतरच्या बाजाराला डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. सासरे शेजारीच बसलेले. सवयीनं सासूचं तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं आणि माझ्याकडे वळली.

"सांग ना वं," ती म्हणाली. "तुन्हा हात शे."

थोडा सुजला होता. मी थोडा म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी त्या दिवशी औषध वाढवलं नाही.