ख्रू रूही

पारोळ्याच्या बाजारपेठेत अतिक मास्तरांचं शिवणकामाचं दुकान सव्वीस वर्षांपासून आहे. पँट-शर्ट, सफारी, शाळांचे गणवेश असं काम. त्यांची थोरली मुलगी रूही गणितात एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि धुळ्याच्या एका खासगी शाळेत आठ हजारांवर लागली. दोन वर्षं रोज एसटीने जाऊन येऊन तिने ती नोकरी केली. मग एके दिवशी घरी येऊन सांगितलं की थायलंडमधल्या एका शाळेने तिची फोनवर मुलाखत घेतली आहे, गणित इंग्रजीतून शिकवायचं आहे, पगार चोवीस हजार बाथ. बाथ म्हणजे किती, हे अतिकने विचारलं. साठ हजार रुपयांच्या वर, असं कळल्यावर त्याने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. तिची आई अनवरी मात्र दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी रूहीची बॅग भरायला बसली.

याला तीन वर्षं झाली. रूही दर महिन्याला पैसे पाठवायची, दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. अडचण होती ती गावात. खत-बियाण्यांच्या कंपन्या दुकानदारांना बक्षीस म्हणून बँकॉकची सहल घडवतात, आणि तिथून परतलेली माणसं एकमेकांकडे बघून हसतात, ते हसणं सगळ्यांना ठाऊक आहे. कृषी केंद्रवाला अभिमन असाच जाऊन आला. पँट घ्यायला दुकानात आला तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "अतिकभाऊ, तुमनी पोर त्याच देशमा शे ना? आम्ही आत्तेच जाई उनूत." आणि हसला.

अतिकने पँटची घडी घातली आणि पैसे घेतले. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मुलीवर त्याचा भरवसा होता. तरी ती कुठे राहते, कोणाबरोबर बसते-उठते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीसाठी भांडायचं कसं, हे त्याला कळेना. जूनमध्ये, गणवेशांची घाई संपत आल्यावर, उरलेलं काम त्याने धाकट्या भावावर सोपवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. अनवरीने गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं तर तिला विमानाची भीती होती.

रूहीचं गाव बँकॉकपासून एका रात्रीच्या बसवर होतं. सगळीकडे भातशेती. तिची खोली एका म्हातारीच्या घराच्या मागच्या बाजूला होती. म्हातारीला सगळे पा नोई म्हणत. तिकडे पा म्हणजे मोठी मावशी. साडेतीन हजार बाथ भाडं, घेताना दोन महिन्यांचं डिपॉझिट, विजेचे पैसे वेगळे. अतिक प्रत्येक वस्तूची किंमत विचारून रुपयांत करून बघायचा. बाजारात तांदूळ स्वस्त, डाळ महाग, आणि तुरीची डाळ तर मोठ्या शहरातच. हलाल कोंबडी रूही रविवारी लांबच्या दुकानातून आणायची, बाकी दिवस अंडी, मासे, भाजी. शाळेच्या स्वयंपाकघरात एका खुंटीवर निळं झाकण असलेलं भांडं लटकत होतं. डुकराचं मांस तिला चालत नाही हे कळल्यावर शिक्षिकांनी वर्गणी काढून ते तिच्यासाठी वेगळं आणलं होतं. त्याला दुसरं कोणी हात लावत नसे.

एक गोष्ट मात्र अतिकला पटेना. रूहीच्या टेबलाच्या खणात पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा होता. कोणाचं लग्न, कोणाच्या घरी मयत, कोणाचा मुलगा भिक्षू होणार, प्रत्येक वेळी ती पाकिटात दोनशे-तीनशे बाथ घालून न्यायची. महिन्याला हजार-बाराशे असे जायचे.

"आपले कोण ते?" त्याने विचारलं. "परक्या देशात तू एकटी, आणि गावभर आहेर करत फिरतेस?"

रूहीने खण लावून घेतला. मग म्हणाली, "अब्बा, मागच्या पावसाळ्यात मला डेंगू झाला होता. पाच दिवस दवाखान्यात होते."

अतिकला आठवलं. तेव्हा तिने फोन बिघडल्याचं सांगितलं होतं.

दवाखान्याचं बिल पगारातून कापल्या जाणाऱ्या विम्यात भागलं होतं. पण पाचही रात्री शाळेतली कोणी ना कोणी तिच्या पलंगाशेजारी चटई टाकून झोपली. पा नोई सकाळ-संध्याकाळ भाताची पेज घेऊन यायची. घरी सोडलं तेव्हा उशाखाली तशीच पांढरी पाकिटं निघाली, तिचं नाव घातलेली.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" अतिकचा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर अम्मीने परत बोलावलं असतं," रूही म्हणाली. "आणि मी आलेही असते."

अतिक उठून अंगणात गेला. पा नोई झाडत होती. तिची भाषा त्याला येत नव्हती, त्याची तिला. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. म्हातारीने केरसुणी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.

त्या गुरुवारी शाळेत गुरुपूजनाचा दिवस होता. तिकडे गुरूला ख्रू म्हणतात. सभागृहात सगळे शिक्षक खुर्च्यांवर बसले होते. अतिकला पाहुणा म्हणून पुढच्या रांगेत बसवलं. मुलं गुडघ्यांवर चालत पुढे येत आणि फुलांचं तबक गुरूच्या हाती देऊन डोकं जमिनीला टेकवत. अतिक जरा चुळबुळला. माणसाने माणसापुढे डोकं टेकवणं त्याच्या मनाला रुचणारं नव्हतं. पण रूहीची पाळी आली तेव्हा मुलं तिच्यापुढे नुसती बसली, तबक दिलं, हात जोडले आणि उठली. तिने पहिल्याच वर्षी मुख्याध्यापिकेला सांगितलं होतं की आमच्यात डोकं फक्त अल्लापुढे टेकवतात, आणि शाळेने ते तसंच मान्य केलं होतं.

तबक जवळून पाहिलं तेव्हा अतिकला नवल वाटलं. त्यात वांग्याची जांभळी फुलं होती आणि हरळी होती. खानदेशात हरळी उपटता उपटता शेतकऱ्याची कंबर मोडते. इथे ती गुरूला देतात. रूहीने अर्थ सांगितला. हरळी कुठेही पसरते, तशी विद्या पसरावी. वांग्याचं फूल खाली बघतं, तसं शिकणाऱ्याने नम्र असावं.

कार्यक्रमानंतर मुख्याध्यापिका अतिककडे आली आणि बराच वेळ थायमध्ये बोलली. काय म्हणते, असं त्याने विचारलं तर रूही म्हणाली, "काही नाही, बरं शिकवते म्हणतात." शेजारच्या शिक्षिकेला ते पटलं नसावं. तिने फोनमध्ये काहीतरी टाइप केलं आणि पडदा अतिकसमोर धरला. मोडक्यातोडक्या हिंदीत लिहून आलं होतं की ही येण्याआधी मुलं गणिताला घाबरायची, आता ही सोडून जाईल म्हणून घाबरतात.

अतिकने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. पोरीने पैसा कमावला हे त्याला माहीत होतं. माणसं कमावली हे तो आता बघत होता.

परत आल्यावर त्याने पारोळ्यात कोणाला मुद्दाम काही सांगितलं नाही. अभिमन एकदा सफारी शिवायला आला. माप घेताना अतिकने फोनमधला सभागृहातला फोटो त्याला दाखवला आणि म्हणाला, "तुम्ही बघितला तो देश वेगळा, भाऊ. माझी पोरगी या देशात असते." अभिमनने फोटो मोठा करून बघितला. सरळ रांगांत बसलेली शेकडो मुलं, मध्ये खुर्चीवर ओढणी घेतलेली रूही. "माले काय माहीत, भाऊ," एवढंच तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

पुढे महिनाभराने गवंडीकाम करणारा चांद दुकानात आला. बरोबर त्याची मुलगी जीनत होती, नुकतीच बी.एस्सी. झालेली. तिलाही बाहेर शिकवायला जायचं होतं, पण आधी बी.एड. कर असं रूहीने तिला फोनवर बजावलं होतं. चांदला खर्चाची काळजी होती. अतिकने मशीन थांबवलं आणि दोघांना सगळं सांगितलं. पहिला पगार हाती येईपर्यंत दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट जवळ हवं. दर नव्वद दिवसांनी सरकारला पत्ता कळवावा लागतो. कामाच्या परवान्यात लिहिलेल्या नोकरीशिवाय दुसरं काम करता येत नाही, शिकवणीसुद्धा नाही. डाळ महाग आहे. आजारपण येतं. आणि चार पैसे लोकांच्या सुखदुःखासाठी बाजूला ठेवायचेच, त्यात कंजुषी करायची नाही.

जीनत वहीत लिहून घेत होती. चांदने शेवटी, जे विचारायला तो आला होता, ते विचारलं. "मास्तर, पोरगी तिकडे एकटी राहील?"

"पहिलं वर्ष राहील," अतिक म्हणाला.

पुढच्या मंगळवारी पासपोर्टच्या कामाला तिघं जळगावला गेली. सव्वीस वर्षांत अतिकने चालू दिवशी दुकान फारसं बंद ठेवलेलं नव्हतं. त्या दिवशी त्याने शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि एसटीत खिडकीजवळची जागा जीनतला दिली.