बरं नाही लागत

माझी बायको शरयू आयुष्यभर चुकीचं मराठी बोलली, आणि मी ते आयुष्यभर दुरुस्त करत राहिलो. आम्ही दोघंही ग्वाल्हेरचेच. तिचं माहेर दाना ओलीत, माझं घर नया बाजारात. फरक इतकाच, की मी शाळेत मराठी शिकवायचो आणि ती मराठी नुसती बोलायची. हिंदीतलं ‘लगता है’ उचलून ती म्हणायची, "मला लागतं, आज पाहुणे येतील." मी म्हणायचो, "वाटतं. लागते ती ठेच." पंचेचाळीस वर्षांत हा विनोद मला शिळा वाटला नाही. तिला काय वाटलं, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी मी फूलबागेत फिरायला निघालो होतो. चपला घालत होतो, तेवढ्यात ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "अहो, मला बरं नाही लागत."

"लागत नाही, वाटत," मी म्हणालो.

"हो, तेच. या तुम्ही जाऊन."

तासाभराने परतलो, तोवर ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. कुणी जवळ असतं तर वाचली असती की नाही, सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हे मोठं सोयीचं वाक्य आहे. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी ते ऐकवलं.

माझी नात अश्लेषा शरयू गेल्यापासून माझ्याकडे राहते, कॉलेजात जाते आणि उरलेलं शिक्षण मोबाइलवर घेते. एकदा जेवताना ती म्हणाली, "आजोबा, स्वप्न चालू असताना पता चल गया ना की हे स्वप्न आहे, तर मग आपण पाहिजे ते करू शकतो. प्रॅक्टिस लागते बस." कृती सोपी होती. दिवसातून दहा वेळा हाताकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, मी जागा आहे का? उठल्याबरोबर स्वप्न वहीत उतरवायचं. वही आणि शिस्त, दोन्ही मला नवी नव्हती. कशासाठी करतोय, ते मात्र तिला सांगितलं नाही.

दीड महिन्याने एका दुपारच्या झोपेत जमलं. हाताकडे पाहिलं तर बोटं सहा. म्हणजे स्वप्न. अशा वेळी लोक म्हणे उडतात. मीही किल्ल्यावरून एक चक्कर मारली आणि खाली आलो. या वयात उडण्यात काही राम नाही. मग मी माझं दार आणलं, चपला आणल्या, ती सकाळ आणली. या खेपेला दुरुस्ती करायची नाही, चपला काढायच्या आणि विचारायचं, काय होतंय? एवढंच मला हवं होतं.

शरयू दारात आली आणि म्हणाली, "अहो, मला बरं वाटत नाही."

एकदम शुद्ध. कानामात्रेचीही चूक नाही. दुरुस्ती न करण्याची संधीच नव्हती. मी ती सकाळ पुन्हा आणली, पुढच्या आठवड्यात आणखी चार दुपारी आणली. प्रत्येक वेळी ती पेपर लिहिल्यासारखी बोलली. बोलवणारा मी, तेव्हा भाषाही माझीच. शेवटी मी तिच्यावर ओरडलो, "चुकीचं बोल!"

"चुकीचं म्हणजे नक्की कसं बोलू?" तिने विचारलं. जागा झालो तेव्हा मी रडत होतो.

मी अश्लेषाला एवढंच म्हणालो, की स्वप्नातली माणसं माझंच बोलतात. ती म्हणाली, "तर कंट्रोल सोडून द्या ना थोडा. काही करू नका, बसून राहा."

दुसऱ्या दुपारी तसंच केलं. बोटं मोजली, चपला घातल्या आणि दाराशी स्टुलावर बसून राहिलो. कुणालाही बोलावलं नाही. बराच वेळ कुणी आलंही नाही. मग आत भांडं वाजलं. पदराला हात पुसत शरयू आली आणि म्हणाली, "अहो, मला बरं नाही लागत."

दुरुस्ती जिभेवर आली होती, ती मी गिळली. चपला काढल्या, तिच्यापाशी गेलो आणि विचारलं, "काय होतंय, शरयू?"

तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. त्या वाक्यानंतर ती काय बोलली असती, ते मला ठाऊकच नाही. मी बोलूच दिलं नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

डोळे उघडले तर अश्लेषा चहा घेऊन उभी. "आजोबा, काय झालं?"

"मला बरं नाही लागत," मी म्हणालो.

ती खुदकन हसली. "आजोबा! लागत नाही, वाटत. तुम्हीच तर शिकवलंय." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. कप खाली ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने माझं मनगट धरलं. "काय होऊन राहिलंय? सांगा ना. मी कुठे नाही जात."

म्हणजे दुरुस्ती करून झाल्यावरही माणसाला जवळ बसता येतं. त्याला फार वेळ लागत नाही.