लग्नाआधीच्या कप्प्यातली आजी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टीव्हीमागच्या कपाटात धूळ खात बसलेला काळा डबा. पूर्वी मी एका कचेरीत पत्रं छापायचो. तिथून काढल्यावर या घरातल्या बाबांनी मला उचलून आणलं, पोटात मोठी डिस्क बसवली आणि घरचे सगळे व्हिडिओ माझ्या हवाली केले. टीव्हीवर काहीही लावलं, की ते माझ्याकडूनच जायचं. तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे मी भरत गेलो, पंखा घरघरू लागला, आणि मग नुसती कुरकुर.

एका रविवारी दुपारी आई-बाबा माझ्यात जागा करायला बसले. आईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. "आजीचा आवाज कसा होता?" असं छोट्या गुंडीने विचारलं होतं. आजी, म्हणजे आईची आई, गुंडी तान्ही असतानाच गेली. तिचा एकच व्हिडिओ होता, आणि गुंडीच्या जन्मवर्षाच्या कप्प्यात तो सापडत नव्हता.

तो कुठे आहे ते मला ठाऊक होतं. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलंच नव्हतं. पडली भलतीच जुनी तारीख. ती पाहून मी तो 'लग्नाआधीचे' या कप्प्यात ठेवला.

"हा लग्नाआधीचा कप्पा उडव," बाबा म्हणाले. "आमच्या सहली आहेत. नुसते पाय आणि आभाळ."

"एकदा बघू दे ना."

"अगं, तू कचरा टाकतानाही पिशवी उघडून बघतेस."

"म्हणून तर तुझी किल्ली सापडली."

माझा पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागला.

"बघ, कसा तापलाय. लवकर उडव."

अडवायला गेलो आणि घाईच वाढवून बसलो. आईचं बोट बटणावर टेकलं आणि तिथेच थांबलं. एका इवल्याशा चित्रात पिवळा पडदा दिसत होता.

"अरे, हा पडदा मी गुंडीच्या वेळी शिवलाय. लग्नाआधी कुठून आला?"

तिने तो व्हिडिओ लावला. पडद्याजवळ आजी, मांडीवर तान्ही गुंडी. "रड गं बाई, रडून घे. तुझी आई याहून मोठ्याने रडायची."

टीव्हीसमोर येऊन बसलेल्या गुंडीने वळून पाहिलं. "आई, तू तर अजून रडतेस."

आईने त्या व्हिडिओला नाव दिलं, 'आजी आणि गुंडी, पिवळ्या पडद्याजवळ', आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली.

मित्रांनो, मला ठाऊक असलं तरी सांगता येत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ लावा, आत कोण आहे ते लिहा, प्रत ठेवा. माझ्या डिस्कमधून हल्ली टकटक ऐकू येते, म्हणजे ती आता फार दिवस टिकायची नाही. आई मात्र उरलेले व्हिडिओ अजून एकेक करून उघडून बघतेय. तिचं होईपर्यंत मला चालत राहायचंय.