पाला आधी, विष नंतर

भावाचा रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा ती प्रयोगशाळेत वाळलेला पाला चाळत होती. काविळीचं बिलिरुबिन अकरा दिवसांपूर्वी नऊ होतं, आज सोळा. आकडा तिनं दोनदा वाचला. अकराही दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच पाल्याचा वीस-वीस मिली अर्क ती थर्मासमधून वॉर्डात नेत होती, डॉक्टरांच्या नकळत.

"तुझ्या उंदरांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, मग मी कशाला करू?" असं म्हणत भाऊ तो कडूजहर काढा एका दमात संपवायचा.

ती सरांच्या टेबलाशी गेली. या पाल्यावर सरांची नऊ वर्षं गेली होती आणि नऊही वर्षं उंदरांना पाजणारे हात तिचे होते.

"सर, माणसाला डोस किती वाढवता येईल?"

"कुठल्या माणसाला?"

तिनं फोन पुढे धरला. सरांनी चष्मा कपाळावर सारून वाचलं.

"कोण हा?"

"धाकटा भाऊ. अकरा दिवस देतेय."

सरांनी फोन तिच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "बाई, उंदरांना आपण पाला कधी देतो?"

"सकाळी."

"ते नाही विचारत. विषाच्या आधी की नंतर?"

सात दिवस पाला, आठव्या दिवशी विष. झोपेतून उठवलं तरी तिनं हे सांगितलं असतं. घाव बसायच्या आत पाला अंगात भिनलेला असायचा, म्हणून लिव्हर वाचायचं. सरांच्या प्रत्येक लेखात 'संरक्षण' असा शब्द होता. 'उपचार' कुणीच लिहिला नव्हता. घरी मात्र तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, आमच्या पाल्यानं बिघडलेलं लिव्हर सुधारतं.

"नंतर देऊन बघितलंच नाही कधी?"

"एकदा. तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर होतात. सहा उंदीर." सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. "पाला पचवायलाही लिव्हरच लागतं, बाई."

"सहापैकी किती जगले?"

"आधी हॉस्पिटलात जा. डॉक्टरांना सगळं सांगा. काही लपवू नका."

हातमोजे काढायचं तिला रस्त्यात सुचलं.

डॉक्टर पलंगापाशीच होते. तिनं वहीतून वाचावं तसं सांगितलं, "पाण्यात काढलेला अर्क. वीस मिली, दिवसातून दोनदा, अकरा दिवस."

"इथं? माझ्या औषधांबरोबर?"

"हो."

"ताई, तुम्हीच म्हणाला होतात..." पलीकडे उभी असलेली भावजय म्हणाली. तिनं पलंगाची दांडी घट्ट धरली.

डॉक्टरांनी नर्सला पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं आणि मोठ्या हॉस्पिटलात जागा आहे का, ते विचारायला फोन हातात घेतला.

"डॉक्टर, तिच्यावर नका चिडू," भाऊ म्हणाला. त्याच्या डोळ्यांचं पांढरं आता नुसतं पिवळं होतं. "नऊ वर्षं तेच करतेय ती. तिला कळतं त्यातलं." मग तो तिच्या पिशवीकडे बघू लागला. "आण गं. वेळ झाली."

"नाही द्यायचा आता."

"का?"

"त्यानं बिघडतंय तुझं. माझी चूक झाली."

तो हसला. डॉक्टरांसमोर ताई असं बोलणारच, हे त्याला ठाऊक होतं. ते फोन कानाला लावून दाराकडे वळेपर्यंत तो थांबला, मग कोपरावर रेलून उठायला लागला आणि हळूच म्हणाला, "गेले. दे आता पटकन."