पोत्याला आलेला गुण

भोकरदनच्या बाजारपेठेत सकाळचा उजेड घाईने येत नाही. आधी तो समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर थबकतो. मग रस्त्यावर सांडलेल्या मक्याच्या दाण्यांवरून हलके चालत येतो, आमच्या अर्ध्या उघडलेल्या शटरखालून वाकून आत शिरतो आणि बियाण्यांच्या पाकिटांवर छापलेल्या, कधीही न सुकणाऱ्या कपाशीवर जरा विसावतो. त्याच्यात धुळीचे कण असे तरंगत असतात, की जणू त्यांना कुठेच पोचायचे नाही. शेवटी तो संगणकाच्या पडद्यावर पडतो आणि मला पडद्यावरचे काहीच दिसेनासे होते.

त्या महिन्यात मात्र उजेडाला पडद्यापर्यंत पोचताच येत नव्हते, कारण मध्ये माणसे उभी होती.

जेठमल शेठजींच्या बी-बियाण्यांच्या दुकानात मी बिले करतो. संगणक जुना, एक बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन परत येई. एकदा उंदरांचे औषध घ्यायला आलेल्या एका भगव्या गृहस्थांनी माझ्या खुर्चीत बसून मोरपीस फिरवले, दोन-चार कळा दाबल्या, आणि पडद्यावर रंगीत रेघांचा पट्टा उमटला. बघता बघता लाल रेघा निळ्या होऊ लागल्या. शेठजींनी हात जोडले. गृहस्थ त्या दिवसापासून तबकडीबाबा झाले. दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर कुणी दुखरी पाठ घेऊन बसले, तिसऱ्या दिवशी कुणी तुटलेली सोयरीक.

बाबांचे निरूपण रोज तेच असे.

"प्रत्येकाच्या देहात एक तबकडी फिरून राह्यली. तिच्यावरल्या आठवणीचे तुकडे झाले की माणूस हँग होतो. लाल म्हंजे पीडा. निळं म्हंजे कृष्ण. पांढरं म्हंजे शांती."

भाजी विकणाऱ्या कांताबाईंनी विचारले, की मग हिरव्या रेघा का हलत नाहीत.

"ते प्रारब्ध," बाबा म्हणाले. "त्याला कंपनी बी हलवू शकत न्हाई."

रेघांच्या पट्ट्याची ही सोय संगणकात पहिल्यापासून आहे आणि मी स्वतः दर शनिवारी, शेठजी जेवायला गेले की, ती चालवतो, असे मी शेठजींना हळूच सांगून पाहिले. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "तू करतो तवा इतकी मान्सं येतात का?" त्यांनी विचारले. माणसे येत नसत, हे खरेच होते. शिवाय आलेली माणसे जाताना खत नेत होती.

हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट एकच होती. शेठजींच्या पत्नी बसंतीबाई, ज्यांना मी काकीजी म्हणतो, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी थांबणे बरे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. शस्त्रक्रियेसाठी जालन्याला जायचा दिवस ठरला होता. बाबांनी तो मोडला. लाल संपले की डोळ्यांवरचा पडदा आपोआप गळेल, सुरी लावू नका, असे त्यांनी सांगितले. काकीजी रोज पहिल्या खुर्चीत बसत. त्यांना लाल काय, पडदाही नीट दिसत नसे. त्या मलाच विचारत, "किती राह्यलं रे?" मी खाली बघून म्हणे, "थोडंच." एव्हाना त्या माझ्या चहात साखर समजून मीठ घालू लागल्या होत्या. मी तो चहा पीत असे.

सुटीला आलेल्या त्यांच्या नातीने, सातवीतल्या पलकने, एकदा तो चहा चाखला. तिने कप खाली ठेवला. "दादा, तुम्ही बोलणार न्हाई का? मंग मला बटण दाखवा."

दुसऱ्या दिवशी काकीजींना तिने आतल्या खोलीत बसवले. त्यांच्या खुर्चीत आम्ही दोघांनी मिळून एक अर्धे पोते ठेवले आणि त्यावरून काकीजींची शाल पांघरली. पलकने बटण दाबले. लोक जमले, सवयीने हात जोडून उभे राहिले. लाल रेघा निमूटपणे निळ्या होत गेल्या. बाबा उशिरा आले. रंग पाहून त्यांनी वेळ न घालवता शालीवर मोरपीस ठेवले.

"झालं. ह्या माईचा पडदा गळाला. माई, डोळे उघडा."

माई गप्प राहिली. पलकने शाल ओढली.

गर्दीत कुठेतरी एक खोकल्यासारखे हसू फुटले. बाबा डगमगले नाहीत. "बियाण्यात बी जीव असतो," ते म्हणाले. "त्याला बी गुण येतो."

"बियाणं न्हाई बाबा, खत हाय," पलक म्हणाली.

मग जे हसणे सुटले ते थांबेना. तेवढ्यात कांताबाईंनी विचारले, "पण मंग लाल रोज येतं कुठून?" सगळे माझ्याकडे वळले, आणि मला बोलावे लागले.

मी पडद्याकडे बघूनच बोललो. एखादी फाइल साठवताना सलग जागा मिळाली नाही, तर संगणक तिचे तुकडे करून मिळेल त्या फटीत ठेवतो. एकाच वाणाची पोती गोदामात चार कोपऱ्यांत पडावीत तसे. मग शोधताना हमालाची धावपळ होते. ही सोय ती पोती एका थप्पीत लावते, बाकी काही नाही. गोदामातल्या कॅमेऱ्याचे चित्रण दिवसभर याच संगणकाच्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, साठते, जुने पुसून त्या फटींत नवे बसते, म्हणून सकाळी पुन्हा लाल. एखादा चमत्कार पटला, तर तो करणाऱ्याला बाजूला उभे करून एकदा पाहावे. तरीही तेच घडले, तर ते त्याचे नव्हे. आणि डोळा दुखला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे.

आतल्या दारात काकीजी उभ्या होत्या. "म्हंजे महिनाभर मी गोदामाचं चित्रण निळं करून राह्यले?" त्या म्हणाल्या. "पलक, उद्या जालन्याला जाऊ."

बाबा तोवर बसस्थानकाच्या दिशेने निघाले होते. संगणक सगळ्याच गावांत असतात.

काकीजींचे दोन्ही डोळे यथावकाश बरे झाले. एका शनिवारी त्या दुकानात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी एक बिल छापले, मग रेघांचा पट्टा चालवला, सगळे निळे झाल्यावर समाधानाने म्हणालो, की आता बघा, वाऱ्यासारखा चालेल. आणि दुसरे बिल छापायला घेतले.

"ऋषी," काकीजी म्हणाल्या, "पैल्या बिलाला माझी एक माळ झाल्ती. ह्याला बी एकच झाली."

मी म्हणालो, "काकीजी, दुसऱ्या वेळी तुम्ही माळ जलद ओढली असेल."

"मंग परत छाप."

मी छापले. त्या मणी ओढत माझ्याकडे बघत होत्या, स्वच्छ डोळ्यांनी. माळ संपली तेव्हा कागदाचे टोक बाहेर आले.

संगणक पूर्वीइतकाच हळू होता.